आधी टोकाच्या नळाला पाणी : एका सरपंचाचे गावातील करदात्यांना खुले पत्र

माझ्या गावातील घरपट्टी-पाणीपट्टी भरणाऱ्या आणि भरायची राहून गेलेल्या सर्व मायबापहो,

सप्रेम नमस्कार.

सोयाबीनचे चुकारे बहुतेकांच्या हाती पडले आहेत, पऱ्हाटीची दुसरी वेचणी आटोपत आली आहे, तूर सोंगणीला आली आहे. या दिवसांत घरात थोडा पैसा असतो आणि बसून चार ओळी वाचायला सवडही असते, म्हणून हे पत्र आत्ताच लिहीत आहे. मला सरपंच होऊन आठ महिने झाले. तुम्ही मला थेट मतदानाने निवडून दिले, त्यामुळे हिशोबही मी थेट तुम्हालाच द्यायला हवा. काय झाले, काय झाले नाही आणि पुढे काय करायचे मनात आहे, ते सारे यात आहे. सुरुवात पाण्यापासून करते, कारण आपल्या गावात प्रत्येक गोष्ट शेवटी पाण्यापाशीच येऊन थांबते.

मी या गावात सून म्हणून आले, त्या पहिल्याच सकाळी माझ्या हातचा चहा फाटला. मला वाटले दूध नासले. सासूबाई म्हणाल्या, "दूध चांगलं हाय पोरी, पानी खारं हाय." आपण खारपाणपट्ट्यातली माणसे. अमरावती, अकोला, बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यात पसरलेल्या या पट्ट्यात जमिनीखाली पाणी आहे, पण ते पिता येत नाही आणि पिकाला दिले तर जमीन चोपण होते. विहीर खणा, बोअर मारा, चव तीच. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि मूत्रपिंडाच्या आजाराची धास्ती घरोघरी आहे. आपल्या टाकीत येणारे गोडे पाणी सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या शहानूरच्या धरणातून नळाने इथवर येते. ते फुकट येत नाही. वीज, औषध, दुरुस्ती, माणसांचा पगार हे सगळे धरून योजनेचे बिल ग्रामपंचायतीच्या नावे निघते आणि ते भरायचे असते तुमच्या पाणीपट्टीतून.

मी पदावर बसले तेव्हा या बिलाची मोठी थकबाकी होती. त्याआधीच्या उन्हाळ्यात थकबाकीपायी पाणी बंद झाले होते, ते दिवस कोणी विसरलेले नाही. आज सांगण्यासारखी गोष्ट ही की गेल्या सहा महिन्यांचे चालू बिल आपण दर महिन्याला भरले आहे. जुन्या थकबाकीचे हप्ते पाडून घेतले आहेत आणि एकही हप्ता चुकलेला नाही. ती अजून फिटलेली नाही, हेही तितकेच खरे. किती भरले, किती उरले, हे दर महिन्याच्या पाच तारखेला ग्रामपंचायतीच्या भिंतीवरच्या फलकावर लिहिले जाते. तिथे येऊन वाचा आणि समजले नाही ते विचारा.

टाकीचे सांगते. आपली टाकी ५० हजार लिटरची. हजार लिटर पाण्याला ५ ग्रॅम टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची क्लोरीनची पावडर; भरलेल्या टाकीला पाव किलो. आधी पावडर अंदाजाने, मुठीने पडायची, कधी पडायचीच नाही. आता टाकीखालच्या खोलीत तराजू ठेवला आहे. आपला जलसुरक्षक पावडर मोजतो, बादलीत कालवतो, निवळी तेवढी टाकीत सोडतो आणि नंतर नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट घेतो. काचेच्या नळीत औषधाचे थेंब टाकले की पाणी पिवळे पडते, म्हणजे क्लोरीन शेवटपर्यंत पोहोचले. शाळेतल्या सहावी-सातवीच्या मुलींना मी ही टेस्ट शिकवून घेतली आहे. दर शनिवारी त्या चार वेगवेगळ्या नळांचे पाणी तपासतात आणि वहीत लिहितात. आरोग्य विभागाच्या तपासणीत आपल्या गावाला पिवळे कार्ड होते, या ऑक्टोबरात हिरवे मिळाले. मला त्याचा फार आनंद झाला आणि तो आनंद त्या मुलींचा आहे.

आता जे लिहायला जड जाते ते लिहिते. टाकीत पाणी आहे, पाणी शुद्ध आहे, तरी बेघर वस्तीतल्या शेवटच्या नळाला ते पोहोचत नव्हते. तक्रारी पूर्वीच्याही होत्या. जूनमध्ये एका पहाटे मी स्वतः पाच वाजता तिथे जाऊन उभी राहिले. एका आजीने नळाखाली गुंड, म्हणजे पाण्याची घागर, लावला होता. नळातून आधी नुसती हवा फुसफुसली, मग करंगळीएवढी धार आली, मग तीही तुटली. गुंड भरायला पंधरा मिनिटांहून जास्त लागली. आजी म्हणाल्या, "माय, तिकडं मोटरी लागल्या का आमच्या नळाले दम लागते." शासनाच्या जलजीवन मिशनचे माप आहे दर माणशी रोज ५५ लिटर. पाच माणसांच्या घराला २७५ लिटर, म्हणजे १५ लिटरचे सुमारे १८ गुंड. त्या दिवशी आजींच्या घरात चार गुंड पाणी आले आणि नळ बंद झाला.

मोटरी म्हणजे टिल्लू पंप, हे तुम्हाला सांगायला नको. टाकीजवळच्या घरांनी नळाला टिल्लू लावला की जलवाहिनीतले पाणी ओढले जाते आणि टोकापर्यंत दाब उरतच नाही. माझ्याही घरी टिल्लू होता. आठ वर्षे होता. त्या सकाळी घरी आल्यावर मी तो काढायला लावला. यांना वाईट वाटले, दोन दिवस अबोला झाला, पण काढला. त्यानंतरच मी दुसऱ्यांच्या दारात गेले. काही घरांनी समजून काढून दिला, काहींनी दार लावून घेतले. मासिक सभेत आम्ही ठराव केला की पहिल्यांदा सापडला तर लेखी नोटीस आणि दुसऱ्यांदा सापडला तर नळजोडणी बंद. आतापर्यंत तीन जोडण्या बंद केल्या. त्यातली एक माझ्या चुलत दिरांची आहे. ती तीन घरे माझ्यावर नाराज आहेत, हे मला ठाऊक आहे. त्यांना माझे सांगणे एवढेच की टिल्लू काढा, त्याच दिवशी जोडणी परत मिळेल.

यासोबत पाणी सोडण्याचा क्रमही उलटा केला. वार्डावार्डाला पाणी सोडायचे वेगळे वॉल (व्हॉल्व्ह) बसवले. आता आधी टोकाला, मग मधल्या वस्तीला आणि शेवटी टाकीजवळच्या घरांना पाणी सुटते. टाकीजवळच्यांना त्यामुळे सकाळी पाऊण तास उशीर होतो. या पाऊण तासाबद्दल मला पुष्कळ ऐकावे लागले. मी ते ऐकत राहीन, पण क्रम बदलणार नाही.

आता कराकडे येते. पुष्कळांच्या मनात असे आहे की सरकारचा इतका निधी येतो, मग आमच्या घरपट्टी-पाणीपट्टीची गरज काय? हा प्रश्न मला पारावर, किराणा दुकानात, लग्नातसुद्धा विचारला गेला आहे. निधी येतो हे खरे. पण येणारा पैसा बांधलेला असतो. केंद्राकडून येणाऱ्या पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीच्या शंभर रुपयांतले साठ रुपये पाणी आणि स्वच्छता याच कामांना बांधलेले होते. उरलेल्या चाळीसमधूनही पगार देता येत नव्हता. पाणी सोडणाऱ्या माणसाचा पगार, नाली काढणाऱ्याची मजुरी, रात्री फुटलेल्या जलवाहिनीची सकाळी होणारी दुरुस्ती, हे सगळे आपल्या स्वतःच्या उत्पन्नातून करावे लागते. कर्मचाऱ्यांच्या किमान वेतनात शासन जो वाटा देते, तोसुद्धा करवसुलीच्या अटीला जोडलेला आहे. तुम्ही कर दिला नाही तर शासनाचा वाटाही आटतो, आणि पहाटे चार वाजता वॉल उघडायला उठणाऱ्या माणसाच्या चुलीवर त्याचा परिणाम होतो. मागच्या दिवाळीत त्याचा चार महिन्यांचा पगार थकलेला होता. या दिवाळीला आपण तो पूर्ण दिला.

आणखी एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत आहे. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांच्या वस्तीसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावेच लागतात. हे टक्के वसूल झालेल्या पैशाचे असतात. कागदावर मागणी कितीही दिसली तरी पेटीत आले नाही त्याचा पाच टक्के कसा काढणार? आपल्या गावात दोन्ही पायांनी अधू असलेला एक तरुण आहे. तो घरी बसून शिवणकाम करतो. त्याला तीनचाकी हवी म्हणून त्याचा अर्ज दोन वर्षे कपाटात होता. नकार कोणीच दिला नव्हता, पैसाच नव्हता. नोव्हेंबरात ती गाडी आली. आता तो स्वतः चौकापर्यंत येऊन कपडे पोचवतो. घरपट्टी कुठे जाते असे विचारणाऱ्यांनी त्या गाडीकडे एकदा बघावे.

वसुली वाढली आहे, पण निम्म्याहून जास्त घरे अजून बाकी आहेत. त्यांना मी सरसकट बुडवे म्हणणार नाही. आपल्याकडे नियम असा की ३० सप्टेंबरच्या आत कर भरला तर ५ टक्के सूट आणि ३१ मार्चनंतर भरला तर ५ टक्के दंड. पगारदारासाठी ही सोय चांगली आहे. पण सप्टेंबरात शेतकऱ्याच्या घरात पैसा कुठून असणार? तेव्हा सोयाबीन शेतात असते, पऱ्हाटीला बोंडे धरत असतात, आणि डोक्यावर खताची, फवारणीची उधारी असते. या सवलतीचा फायदा त्यालाच मिळत नाही ज्याला त्याची खरी गरज आहे. ही तारीख शेतकऱ्यांसाठी जानेवारीपर्यंत पुढे न्यावी, असा ठराव २६ जानेवारीच्या ग्रामसभेपुढे मी मांडणार आहे. मंजूर झाला की पंचायत समितीमार्फत वर पाठवू. नियम बदलणे माझ्या हातात नाही, मागणे मात्र आहे. तोवर आपल्या हातातले आपण केले आहे. नोकरदार आणि दुकानदारांकडून पाणीपट्टी महिन्याच्या महिन्याला घेणे सुरू केले, आणि शेतकऱ्यांसाठी वसुलीचे शिबिर आत्ता, माल विकला जातो त्या दिवसांत ठेवले आहे. एकदम जमत नसेल तर दोन-तीन हप्त्यांत भरा. रोज वीस लिटरचा जार विकत घेणाऱ्या घराचा वर्षाचा जो खर्च होतो, त्याच्या निम्मीही आपली वर्षाची पाणीपट्टी नाही, एवढे मात्र लक्षात असू द्या.

कर सगळ्यांना सारखा न्यायाने लागला पाहिजे, ही तुमची तक्रार रास्त आहे. २०१५ च्या डिसेंबरपासून घरपट्टी नुसत्या क्षेत्रफळावर न लागता भांडवली मूल्यावर लागते, म्हणजे घर कसे बांधले आहे यालाही मोल आहे. पण आपला नमुना ८, म्हणजे घरांच्या कर आकारणीची नोंदवही, उघडून पाहिला तर कित्येक स्लॅबची घरे त्यात अजून धाब्याची म्हणून लिहिलेली आहेत. आमचेही तसेच होते. घरावर स्लॅब पडून अकरा वर्षे झाली, नोंद मातीच्या घराची. ती मी पहिल्यांदा दुरुस्त करून घेतली आणि वाढीव कर भरला. आता ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे आपण ज्यांना अजून ग्रामसेवक म्हणतो ते, आणि दोन सदस्य घरोघरी फिरून मोजणी करत आहेत. त्यांना टेप धरू द्या. ज्या विधवा बाईचे घर पावसात पडले आणि अजून पूर्ण घराचा कर लागतो, तिची नोंद कमी होणेही याच मोजणीत आहे. अशी पाच घरे आतापर्यंत निघाली.

रस्त्यांबद्दल मी काही केले नाही असे बोलले जाते. नवा सिमेंट रस्ता या आठ महिन्यांत एकही झाला नाही, आणि तो मी ठरवून केला नाही. झेंडा चौकातले ते जुने लाकडी खांबांचे घर सगळ्यांच्या ओळखीचे आहे. पूर्वी त्या घराला तीन पायऱ्या चढून ओट्यावर जावे लागायचे. रस्त्यावर रस्ता, त्यावर पुन्हा रस्ता असे थर चढत गेले, आणि आज त्या घरात दोन पायऱ्या उतरून जावे लागते. पाऊस सुरू झाला की तिथले आजोबा दारात रेतीची पोती रचतात. जुलैच्या पावसात मी त्यांच्या घरी गेले तेव्हा चूल पाटावर ठेवलेली होती आणि गव्हाची कोठी विटांवर. हा त्रास आपण निधी खर्चून निर्माण केला आहे. म्हणून आमचे ठरले आहे की यापुढे जुना थर फोडून काढल्याशिवाय त्यावर नवा थर चढणार नाही, आणि आधी नालीचा उतार मोजला जाईल, मग रस्ता. काम सुरू झाले की जाडी किती, माल किती, हे त्या गल्लीतल्या दोन माणसांसमोर मोजले जाईल. ग्रामपंचायतीने कुठल्या कामावर किती पैसे दिले हे ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. कॉलेजात जाणाऱ्या पोरांनी ते आपल्या आईवडिलांना मोबाईलवर काढून दाखवावे.

शेतात जाणाऱ्या पांदण रस्त्यांचे दुःख मला वेगळे सांगायला नको. आपल्या काळ्या मातीत पावसाळ्यात बैलबंडी रुतली की बैल सोडून बंडी तिथेच ठेवावी लागते. एका पांदणीचे अतिक्रमण शेजारच्या शेतकऱ्यांनी आपणहून काढून दिले आणि मातीकाम झाले. दुसऱ्या दोन पांदणींवर वाद आहेत. ते बसून मिटवायची माझी तयारी आहे, रात्री दहाला बोलावले तरी येईन. स्मशानभूमीच्या शेडचा प्रस्ताव गेला आहे, मंजुरी यायची आहे. दिवसा जळणारे पथदिवे आता बंद होतात, कारण खांबांवर स्विच बसवले.

एक काम मला या वर्षी करायचेच आहे. आपल्या डोक्यावर पडणारे पाणी गोडे असते, जमिनीत गेले की खारे होते. एक चौरस मीटर छपरावर एक मिलीमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. शाळेचे छप्पर २०० चौरस मीटर धरले आणि पाऊस ७०० मिलीमीटर धरला, तर एक लाख चाळीस हजार लिटर होते. वाया जाणारे वजा करून लाखभर लिटर तरी हाती लागेल. पन्हाळी, गाळणी आणि बंद टाके एवढेच त्याला लागते. शाळेच्या पोरांना वर्षातले बरेच महिने पुरेल इतके गोडे पाणी आपण दरवर्षी नालीत सोडून देतो आहोत. पहिला पाऊस यायच्या आत शाळेचे टाके पूर्ण करायचे, मग ग्रामपंचायतीचे, आणि ज्यांची इच्छा असेल त्यांच्या घराचे. गवंडीकाम येणाऱ्या भावांनी दोन-दोन दिवस श्रमदान दिले तर खर्च पुष्कळ कमी होईल. सहा जणांनी मला शब्द दिला आहे.

ग्रामसभेचे लिहायचे राहिले. गणपूर्तीला, म्हणजे सभा भरायला लागणाऱ्या किमान हजेरीला, मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० जण, यातले जे कमी ते लागतात. १५ ऑगस्टला शंभर झाले नाहीत, सभा तहकूब झाली. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, म्हणून पुढच्या खेपेला तीस माणसांत साऱ्या गावाचे ठराव होऊ शकतात. सभेनंतर घरोघरी वही फिरवून सह्या घेण्याची जुनी रीत मी बंद केली आहे. सही सभेत बसलेल्याचीच होईल. २५ जानेवारीला महिलांची सभा आहे. बायांनो, पाण्याचा गुंड तुमच्या डोक्यावर असतो, तेव्हा पाण्याचा ठरावही तुमच्या तोंडून यायला हवा. लेकरे घेऊन या. अंगणवाडीताई त्यांना सांभाळतील.

२३ फेब्रुवारीला गाडगेबाबांची जयंती. १८७६ साली ते आपल्याच जिल्ह्यातल्या शेंडगावला जन्मले आणि आपल्याच पूर्णेच्या काठी, ऋणमोचनला त्यांनी लोकांसाठी घाट बांधला. त्या सकाळी सात वाजता बेघर वस्तीपासून नाल्या काढायला सुरुवात करू. फावडे, घमेले ज्याने त्याने आपले आणावे.

वसुलीचे शिबिर महिनाअखेरपर्यंत आहे. सकाळी आठ ते दहा ग्रामपंचायत कार्यालयात, आणि शेतातून येणाऱ्यांसाठी संध्याकाळी सहा ते आठ मारुतीच्या पारावर. जुनी पावती असेल तर सोबत आणा, नोंद जुळवून घेता येते. म्हाताऱ्या माणसांनी यायची गरज नाही, निरोप पाठवा, शिपाई घरी येईल. पैसे दिले की नमुना १० ची पावती लगेच मागून घ्या. पावतीशिवाय कोणाच्याही हातात पैसे देऊ नका, मी स्वतः आले तरी देऊ नका.

तुमची,
सरपंच